खंडित मूर्ती

गेल्या महिन्यात आमच्या चर्चमधला दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, तयारीचा वर्ग माझ्याकडे आला. नऊ मुलं, तेरा ते सोळा वयाची. पुस्तिकेतला तिसरा धडा 'मनुष्य'. पहिलाच प्रश्न : मनुष्य देवाचे प्रतिरूप आहे याचा अर्थ काय? खाली उत्तर छापलेलं : मनुष्याला बुद्धी, भावना व इच्छाशक्ती आहे, म्हणून तो देवाचे प्रतिरूप आहे. लहानपणी मी हेच पाठ केलं होतं, माझ्या आईनेही हेच केलं असणार. फळ्यावर 'बुद्धी' एवढं लिहिलं आणि हात थांबला. पुढचं लिहवेना. मुलांना म्हटलं, हा धडा पुढच्या रविवारी घेऊ, आज गाणी म्हणू या.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. ३४ वर्षं मी कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधल्या. या प्रश्नाचं उत्तर मला त्या ड्रेसिंगच्या खोलीत हळूहळू मिळत गेलं, पण मी ते कधी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. मुलांना सांगायच्या आधी स्वतःपुरतं लिहून काढावं म्हणून बसले आहे.

१९८६ साली मी कामावर रुजू झाले तेव्हा बावीस वर्षांची होते. मिशनचं रुग्णालय, गावाबाहेर, रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे. कुष्ठरोग्यांची रुग्णालयं गावात कुणी बांधू दिलीच नाहीत, त्यामुळे ती सगळी अशीच कुठेतरी कडेला, बाभळीच्या रानात असतात. पहिल्या दिवशी ज्येष्ठ सिस्टरांनी मला एका बाकावर बसवलं, समोर कोमट पाण्याची घमेली मांडलेली, आणि त्यांत पाय बुडवून दहा-बारा माणसं बसलेली. अर्धा तास पाय भिजवायचे, मग खरबरीत दगडाने घट्टे घासायचे, मग तेल. "पाय हातात घे," सिस्टर म्हणाल्या. मी हातमोजे शोधायला लागले. त्या काही बोलल्या नाहीत, खाली बसल्या आणि एका म्हाताऱ्या बाबांचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

त्या बाबांबद्दल मला लिहायचं आहे. पण त्याआधी हा रोग काय करतो ते सांगायला हवं, कारण अजूनही शिकलेली माणसं 'बोटं झडतात' असं म्हणतात. बोटं झडत नाहीत. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये जो जंतू पाहिला, तो शिरतो नसांत. कोपरापाशी जी नस हाताला लागते ती मेली की करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होतं. गुडघ्याच्या बाजूची मेली की पाऊल लोंबतं. घोट्यामागची मेली की तळवा बधिर. मग माणूस चुलीवरचं पातेलं नुसत्या हाताने उतरवतो आणि त्याला कळतच नाही. चपलेत खडा जातो, तो दिवसभर त्या खड्यावर चालतो. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड आतून विरघळत जातं आणि बोट वर्षागणिक आखूड होतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाला पटवून दिली. रोग बोटं खात नाही, तो वेदना काढून घेतो आणि बाकीचं आपोआप होतं. त्यांच्याकडच्या काही रुग्णांची बोटं रात्री उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला पत्ता नव्हता. तेव्हा त्यांनी रुग्णांना घरी जाताना मांजर द्यायला सुरुवात केली.

तर ते बाबा. माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. नाकाची दांडी बसलेली, भुवया गेलेल्या, डोळे पुरते मिटत नसत म्हणून रात्री मी त्यांना डोळ्यांवर फडकं बांधून द्यायचे. दोन्ही हातांना मिळून बोटांची चार-पाच पेरं उरली असतील. त्यांच्या केस पेपरवर जे गाव लिहिलं होतं ते खोटं होतं. खोटं गाव सांगणं आमच्याकडे नेहमीचंच. पत्रं गावी जायला नकोत, मुलीच्या सोयरिकीत अडचण नको.

एकदा जखम साफ करताना मी त्यांना विचारलं, "बाबा, घरचं कुणी कसं येत नाही?" त्यांनी राग-लोभ काही न दाखवता सांगितलं, "सिस्टर, पोरांचं काय चुकलं? खंडित मूर्ती घरात ठेवीत न्हाईत."

मी खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिले. आमच्या शेजारच्या घरांतून मी ते पाहिलं होतं. मूर्तीचा हात तुटला, नाक उडालं, तर तिची पूजा थांबवतात, मानाने नदीवर नेतात आणि विसर्जन करतात. त्यात मूर्तीचा अपमान नसतो, ज्याची त्याची रीत असते. बाबांनी ती रीत स्वतःवर लावून घेतली होती आणि त्यातून त्यांच्या मुलांना माफही करून टाकलं होतं.

त्या रात्री होस्टेलवर मी बायबलातल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय काढला. देवाने आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य निर्माण केला. 'प्रतिरूप' हा शब्द इतक्या वेळा ऐकलेला असतो की कानावरून घरंगळून जातो. पुढे आमच्या पाळकसाहेबांनी, जे सेमिनरीत हिब्रू शिकले होते, मला तो उलगडून सांगितला. मूळ शब्द 'त्सेलेम'. जुन्या करारात हाच शब्द परराष्ट्रीयांच्या देवांच्या मूर्तींसाठीही येतो. म्हणजे साध्या मराठीत मूर्तीच. १९७९ मध्ये सीरियात तेल फेखेरिये इथे एका राजाचा दगडी पुतळा सापडला, त्यावर अरामी भाषेतला लेख आहे, आणि त्या लेखात त्या पुतळ्याला उत्पत्तीच्या त्याच अध्यायातल्या दोन शब्दांची भावंडं वापरली आहेत, 'प्रतिरूप' आणि 'सादृश्य'. त्या काळी राजा आपली मूर्ती उभी करायचा ती याच्यासाठी की मी इथे नसलो तरी माझी सत्ता इथे आहे हे लोकांना कळावं. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, तर खुद्द राजालाच, फारोलाच, देवाचं प्रतिरूप म्हणत. उत्पत्तीच्या लेखकाने तो राजाचा शब्द उचलला आणि कुणाही नराला, कुणाही नारीला देऊन टाकला. ज्या लोकांना देवाची मूर्ती करायला सक्त मनाई होती, त्यांच्याच शास्त्राच्या पहिल्या पानावर देव स्वतःची मूर्ती करतो, आणि ती म्हणजे माणूस.

आणि दुसऱ्या अध्यायात ती मूर्ती कशाची? मातीची. 'आदामा' म्हणजे जमीन, तिच्यातून 'आदाम'. देव माती हातात घेतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो. नाकपुड्यांत! बसलेल्या नाकाच्या माणसांत आयुष्य घालवल्यावर हा शब्द मला वेगळाच लागतो.

मग प्रश्न बाबांचाच राहतो. मूर्ती खंडित झाली तर?

पुस्तिकेतलं बुद्धीचं उत्तर कुठून आलं ते मला उशिरा कळलं. संत ऑगस्टीनने माणसाच्या मनात त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, खूण शोधली : स्मृती, समज आणि इच्छा. फार मोठा माणूस, त्याच्या शोधाला मी नावं ठेवणार नाही. पण पुढच्या लोकांनी ते सोपं करत करत एक यादी केली, आणि यादी आली की कुणीतरी तिच्यात बसत नाही. शेवटी शेवटी माझ्या आईला मी ओळखू येत नव्हते. मतिमंद मुलं आहेत, पाळण्यातलं बाळ आहे. ज्याची बुद्धी कमी त्याच्यात प्रतिरूप कमी, असं सरळ कुणी म्हणत नाही, पण वर्गातल्या चलाख मुलाच्या मनात ते गुपचूप जाऊन बसतंच. शास्त्रात मात्र अशी यादी मला कुठे सापडली नाही. जे सापडतं ते असं : जलप्रलय झाला, माणसाच्या दुष्टपणाने पृथ्वी भरून वाहिली, सगळं बुडालं, आणि त्यानंतर नवव्या अध्यायात देव नोहाला सांगतो की माणसाचं रक्त सांडू नका, कारण तो माझ्या प्रतिरूपाचा आहे. 'होता' असं म्हणत नाही. याकोबाच्या पत्रातही तेच. ज्या जिभेने देवाची स्तुती करता, तिनेच त्याच्या सादृश्याच्या माणसांना शिव्याशाप देता? पापाने प्रतिरूपाचं काय झालं यावर मोठमोठे वाद झाले. माझ्यापुरता निकाल या दोन वचनांनी लागला आहे. ते मळतं, झाकोळतं, वाकडं होतं. जात नाही.

चौथ्या शतकातल्या कप्पदुकियाबद्दल वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आमच्या ड्रेसिंगच्या खोलीतून लिहिलं आहे. कप्पदुकिया आपल्याला पेत्राच्या पत्रातल्या नावापुरता माहीत, आजच्या तुर्कस्तानात. तिथे बसील कैसरियाचा बिशप होता. त्याने शहराबाहेर गोरगरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी एक वसाहतच उभी केली आणि तिथे कुष्ठरोग्यांनाही घेतलं. त्याचा मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, सांगतो की बसील त्यांना भावासारखा मिठीत घेत असे. याच ग्रेगरीचं गरिबांवरच्या प्रेमाबद्दल एक प्रवचन आहे. त्यात तो म्हणतो की ही माणसं आपल्याला हाका मारतात तेव्हा आधी आपल्या बापाचं नाव सांगतात, आईचं सांगतात, 'तू एकेकाळी माझा मित्र होतास' असं म्हणतात, कारण चेहऱ्यावरून ओळख पटावी असं काही उरलेलंच नसतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं. सोळाशे वर्षांपूर्वीची ती माणसं ओळख पटावी म्हणून खरं नाव सांगत होती आणि आमची माणसं ओळख पटू नये म्हणून खोटं गाव. पुढे ग्रेगरी म्हणतो, आपल्यात जे देवाचं प्रतिरूप आहे तेच त्यांच्यात आहे, आणि कदाचित त्यांनी ते आपल्यापेक्षा जास्त जपलं आहे.

बसीलचा सख्खा भाऊ, निस्साचा ग्रेगरी. उपदेशकाच्या पुस्तकात तो श्रीमंत माणूस 'मी दासदासी विकत घेतल्या' असं म्हणतो ना, त्यावर हा प्रवचन करतो. काय दराने घेतल्यास, विचारतो. देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाण्यांत मोजलीस? त्या काळी गुलामी म्हणजे रोजची रीत, तिच्यावर असं उघड बोललेलं दुसरं कुणी फारसं दिसत नाही.

इथे मला माझ्या आजोबांबद्दल सांगितलंच पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या महारवाड्यात ते जन्मले. त्यांच्या सावलीचा विटाळ होत होता. शाळेत बाहेर ओट्यावर बसायचं, पाणी कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीत. मिशनच्या शाळेत पहिल्यांदा मास्तरांनी अक्षर गिरवायला त्यांचा हात आपल्या हातात धरला, हे ते म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगत. त्यांना त्सेलेम वगैरे काही माहीत नव्हतं. 'देवाच्या प्रतिरूपाचा' हे शब्द मात्र ते असे उच्चारत, जसं कुणी आपल्या नावचा सातबारा वाचून दाखवावा. आमच्या समाजात हे शब्द असे आले आहेत. ते मला धड्यात तीन मुद्द्यांत आटोपलेले पाहवत नाहीत.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं.

देवळाबाहेरच्या, म्हणजे चर्चबाहेरच्या, जगाने कुष्ठरोग्याला बाहेर काढलं, एवढंच सांगून मी थांबले तर ते खोटं होईल. लेवीयच्या तेराव्या अध्यायात आहेच : कपडे फाडावेत, ओठ झाकावेत, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडावं, छावणीबाहेर एकटं राहावं. तिथला 'त्साराअत' हा शब्द आजच्या कुष्ठरोगाचाच नाही, त्यात त्वचेचे कितीतरी विकार येतात, कपड्याला आणि भिंतीला लागलेली बुरशीसुद्धा येते. पण वाचणाऱ्यांनी कुष्ठरोग्यालाच धरलं. युरोपात मध्ययुगात काही ठिकाणी कुष्ठरोग्याला जिवंतपणी मेल्याचा विधी करून गावाबाहेर काढत. ११७९ मध्ये रोमला लॅटरन इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने त्यांना निराळं देऊळ आणि निराळी दफनभूमी ठेवायची मुभा दिली. म्हणजे त्यांना धर्मोपचार मिळावेत ही दया होतीच, पण वेगळे राहा हेही होतं. आणि लांब कशाला जायचं, आपल्याकडच्या ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने बऱ्या न होणाऱ्या कुष्ठरोगाचं कारण लिहिलं गेलं. २००१ साली! बहुविध औषधोपचार येऊन तोवर जवळजवळ वीस वर्षं झाली होती. सहा महिने नाहीतर वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होत होता आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून संसर्गाची भीती उरत नव्हती. हिंदू विवाह कायद्यात, मुस्लिम विवाह कायद्यातही ते होतंच. २०१९ मध्ये सगळ्यांतून ते एकदम काढलं. आपण वेदीसमोर 'आजारात आणि आरोग्यात' अशी शपथ घेतो, आणि कायद्याच्या पुस्तकात एका आजारापुरती पळवाट होती. त्याविरुद्ध आमच्या मंडळीत मी कधी एक शब्द ऐकला नाही. मी स्वतःही काढला नाही.

आणखी एक. १९९० च्या दशकातली गोष्ट. रुग्णालयातून बऱ्या होऊन गेलेल्या एक मावशी एका ईस्टरला शहरातल्या देवळात आल्या. ख्रिस्तीच होत्या, बाप्तिस्मा लहानपणीचा. तेव्हा प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, एकच प्याला असे, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. मावशी कठड्याच्या टोकाला गुडघे टेकून बसल्या. त्यांच्यापुढे प्याला आला, त्यांनी घेतला, आणि त्यांच्यानंतर रांगेत असलेली दोन कुटुंबं उठून आपल्या जागेवर जाऊन बसली. गडबड नाही, आवाज नाही. पुढच्या महिन्यात कमिटीने काचेच्या चिमुकल्या प्याल्यांचा सेट आणला. कारण म्हणून स्वच्छता सांगितली. मी त्या कमिटीत होते. नसांचा रोग काय, त्याच्या गोळ्या काय, तो कसा पसरतो आणि कसा पसरत नाही, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मी बोलले नाही. नवीन होते, लग्न ठरायचं होतं, अशी कारणं तेव्हा मनाशी दिली. त्यांतलं एकही कारण टिकणारं नाही.

तो चिमुकला प्याला मावशींना धरताच येईना. चिमटीत धरायची वस्तू, आणि चिमूटच नव्हती.

पौल करिंथकरांस लिहितो, एक अवयव दुखावला तर त्याबरोबर सर्व अवयव दुखावतात. आम्ही ते वचन वार्षिक सभेत भिंतीवर लावतो. मी रोज असे पाय हातात घेत होते की ज्यांत खिळा घुसला आहे आणि वरचं शरीर माझ्याशी हसून पावसापाण्याचं बोलतं आहे. दुखावला तरी दुखत नाही, हीच तर त्या रोगाची व्याख्या. त्या ईस्टरला देवळात कुणाच्या नसा मेल्या होत्या, ते मला कळत होतं.

शेवटी मला या सगळ्यातून धरून ठेवलं ते येशूच्या हाताने. मार्कच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येतो. 'तुमची इच्छा असली तर' असं म्हणतो. नीट वाचा, क्रम काय आहे : येशू हात पुढे करतो, स्पर्श करतो, मग बोलतो, आणि मग तो माणूस शुद्ध होतो. आधी शुद्ध करून मग हात लावला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. नुसत्या शब्दाने बरं करणं त्याला जमत होतं, शताधिपतीच्या, म्हणजे एका रोमी अधिकाऱ्याच्या, चाकराला त्याने तसंच बरं केलं. इथे मात्र स्पर्श आधी. त्या माणसाला कितीतरी वर्षांत कुणी हात लावला नसेल. आणि गोष्टीचा शेवट असा की बरा झालेला माणूस गावात जातो आणि येशूलाच उघडपणे गावात जाता येईना, तो बाहेर रानात राहतो. जागांची अदलाबदल झाली. इब्री लोकांच्या पत्रात तेच शेवटाला येतं : त्याने वेशीबाहेर दुःख सोसलं, तर आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. रुळांच्या पलीकडे नोकरी करणारीला हे वचन कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फादर डेमियन यांनी हे शब्दशः केलं. १८७३ मध्ये ते हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले. अकरा वर्षांनी एका संध्याकाळी त्यांचा पाय कढत पाण्यात पडला, कातडीला फोड आले आणि त्यांना काही जाणवलं नाही. तेव्हा त्यांना कळलं. १८८९ मध्ये ते तिथेच गेले. स्पर्श काही ख्रिस्ती माणसांच्या मालकीचा नाही, हेही इथेच लिहिते. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतःच्या हाताने धूत, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी जे केलं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. सगळीच माणसं जर देवाच्या प्रतिरूपाची, तर ते ओळखणारे हातही सगळीकडे असणार.

कलस्सैकरांच्या पत्रात येशूलाच 'अदृश्य देवाचे प्रतिरूप' म्हटलं आहे. म्हणजे माणूस कसा असावा याचा मूळ नमुना तो. आदामाकडे बघून येशू मोजायचा नाही, येशूकडे बघून आदाम कळतो. आणि या मूळ मूर्तीचं काय झालं? यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःखाच्या सेवकाचं जे वर्णन आहे, त्याला रूप नव्हतं, लोक त्याच्यापासून तोंड फिरवत, ते मंडळीने पहिल्यापासून ख्रिस्ताला लावलं. संत जेरोमने त्याचं लॅटिन केलं तेव्हा 'आम्ही त्याला कुष्ठरोग्यासारखा समजलो' असा शब्द घातला. शतकानुशतकं युरोपातल्या देवळांत ते तसं वाचलं गेलं. त्याचं हाड मोडलं नाही असं योहान आवर्जून सांगतो, पण अंगाला पाच ठिकाणी भोकं पडली, आणि आदल्या रात्री त्याने स्वतः भाकर हातात घेऊन मोडली आणि म्हटलं, हे माझं शरीर.

खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, बाबा म्हणाले होते. प्रत्येक प्रभुभोजनाला पाळक ती भाकर वर धरून मोडतात तेव्हा मला ते वाक्य ऐकू येतं. आमच्या घरात पूजेला असलेली एकच मूर्ती, आणि तीच खंडित.

मावशींकडे परत येते. चिमुकले प्याले आल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला त्या पुन्हा आल्या. त्यांच्या जागी मी असते तर आले नसते. आमचे म्हातारे पाळकसाहेब कठड्याशी आले, त्यांनी मावशींची अडचण पाहिली, ताट खाली ठेवलं आणि भाकरीचा तुकडा स्वतः त्यांच्या जिभेवर ठेवला. मग प्याला त्यांच्या ओठांना लावून हनुवटीखाली आपला दुसरा हात धरला, बाळाला दूध पाजताना धरतात तसा. आणि मावशींच्या हनुवटीवर ओघळलेला थेंब आपल्या अंगठ्याने टिपला. त्यानंतरची दोन कुटुंबं या वेळी उठली नाहीत. का, ते त्यांनाच ठाऊक.

परवाच्या रविवारी हे सगळं, जमेल तसं, मी मुलांना सांगितलं. फळ्यावर काही लिहिलं नाही. एक मुलगी, वर्गात सर्वांत कमी बोलणारी, तिने विचारलं, "टीचर, मग पुनरुत्थानात त्यांना बोटं परत मिळतील का? की येशूच्या हातावर जसे व्रण राहिले, तसं त्यांचंही राहील?"

थोमा या शिष्याला येशूने व्रण दाखवले हे खरं. उठलेल्या देहावरही ते होते, देवाने ते पुसून टाकले नाहीत. आमच्या रुग्णांसाठी हा मोठा दिलासा आहे असं मी बरीच वर्षं बोलत आले, भक्तीच्या वेळी वॉर्डातसुद्धा बोलले होते. तेव्हा बाबा खाटेवर बसून ऐकत होते. आमच्या वर्कशॉपमध्ये तारेचा एक आकडा करून मिळायचा, लाकडी मुठीचा. तो काजातून घालायचा, बटण अडकवून ओढायचं, की बोटं नसली तरी सदरा लावता येतो. बाबांना तो नीट जमत असे. त्या दिवशी त्यांच्या हातात तो होता. माझं संपल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या देवाचं व्रण राहिलं, चांगलं झालं. पण मला बोटं पायजेत. नातू झालाय म्हणं. त्याच्या अंगड्याला बटणं असत्याल."

मी त्या मुलीला येशूच्या व्रणांबद्दल सांगितलं, आणि बाबांचं हेही सांगितलं.